दम घेणारी गाडी

इंजेक्टर म्हणजे काय, हे आईला समजावताना मी होळीच्या पिचकारीचं उदाहरण दिलेलं. इंजिनात पेट्रोल फवारणारी बोटाएवढी पिचकारी. अशा चार असतात, आणि गाडीतला कॉम्प्युटर प्रत्येकीला सांगत असतो, आता उघड, आता मिट. आईने नळाखालची कळशी सरळ करत विचारलं, "आणि पिचकारी मोठी घेतली तर?"

तेव्हा मी हसलो होतो. मोठी घेतली तर काय होतं ते मला नंतर कळलं. ते कुणाला नीट सांगता येईल याची अजूनही खात्री नाही, म्हणून लिहून बघतोय.

आम्ही दिव्याला राहतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी शीळफाट्याजवळच्या एका गाळ्यात संध्याकाळचं काम धरलं. गाळ्याच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. ते पोरांच्या गाड्या 'बनवून' देतात: टर्बो, मोठा सायलेन्सर, रुंद टायर. पाना-पकड त्यांची, लॅपटॉपचं काम माझं. गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडायची, कुठल्या वेगाला किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता भरायचा, गाडी चालवून बघायची, पुन्हा तक्ता सुधारायचा. याला ट्यूनिंग म्हणतात. दादा मला 'शिकलेला' म्हणायचे. "ओ शिकलेले, जरा बूड उचला, गिऱ्हाईक आलंय." त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

गाड्या बनवणारी पोरं एक चूक हमखास करतात. इंजेक्टर घेताना ती फक्त आकडा बघतात. जास्त पेट्रोल फेकणारा तो चांगला. उद्या आणखी मोठा टर्बो लावू, तेव्हा कामाला येईल, असा हिशेब. पण इतका मोठा इंजेक्टर थेंबभर पेट्रोल देऊ शकत नाही, आणि गाडी उभी असताना इंजिनाला थेंबभरच लागतं. बादलीने निरांजनात तेल घालण्यासारखं ते होतं. इंजिन गुदमरतं, कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, मग इंजिन खाली बसतं, मरायला टेकतं, तो घाईने पुन्हा पेट्रोल देतो, की इंजिन उसळतं. वर, खाली, वर, खाली. उभी गाडी झोपलेल्या माणसासारखी ऐकू येते. गाळ्यात म्हणतात, गाडी दम घेतेय. पोरांना तो आवाज फार आवडतो.

अशाच एका गाडीसाठी मला फोन आलेला. बोलणारी मुलगी माझ्याच वयाची वाटली. तिच्या भावाची गाडी होती. भाऊ गेल्या वर्षी वारला. "गाडीने नाही," ती लगेच म्हणाली, "सगळ्यांना तसंच वाटतं. काविळीने गेला." गाडी सारखी बंद पडत होती. ती चालू राहायला हवी होती. एवढंच काम.

"आणि एक," ती थांबून म्हणाली. "आवाज बदलता कामा नये. आईने सांगितलंय."

त्यांचं घर कल्याणच्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका जुन्या गावात आहे. गाव म्हणजे आता चार गल्ल्या उरल्यात, आणि चारी बाजूंनी उंच टॉवर. त्यांत अजून कुणी राहायला आलेलं नाही. संध्याकाळी त्यांच्या सावल्या गावावर पडतात आणि एवढ्या खिडक्यांत एकही दिवा लागत नाही, त्यामुळे गावात अंधार थोडा आधी येतो. या लोकांची इथे शेती होती. आता त्यांची स्वतःची तीन मजली इमारत आहे, वर भाडेकरू, खाली शटरवालं पार्किंग. त्या पार्किंगमध्ये ती पांढरी गाडी उभी होती. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत त्या मुलीची आई बसलेली, मांडीवर मोड आलेल्या वालांचं भांडं. त्या वाल सोलत होत्या. मी त्यांना काकी म्हणालो.

"बस बाला," त्या म्हणाल्या. "शिकलेला हाईस ना तू? मग तुला जमंल. तो आधीचा मेकॅनिक नुसता डोका खाजवत रायला."

मी बॉनेट उघडलं. स्पार्क प्लग काढले तर चारही काजळ धरल्यासारखे काळे. पेट्रोल इतकं जास्त जात होतं की अर्धवट जळून त्याची काजळी प्लगवर बसायची, ठिणगी पडेनाशी व्हायची, आणि गाडी बंद. इंजेक्टर बघितले. त्या छोट्या इंजिनाला लागतील त्याच्या कितीतरी पट मोठे. सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी जाळी असते, तीही काढून टाकलेली. यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे येणारी निम्मी पोरं हेच करून येतात.

"रोज संध्याकाळी आई गाडी चालू करते," मुलगी मला जरा बाजूला घेऊन म्हणाली. ती डोंबिवलीत, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती, नुकतीच घरी आलेली. "शेजारी बसते. तिला वाटतं, तो येतो."

मी हातातला काळा प्लग फडक्याने पुसू लागलो.

"आधी म्हणायची, गल्लीत आल्यासारखा वाटतो. मग म्हणायला लागली, जिन्यापाशी येतो. रोज थोडा जवळ येतो, आणि तेवढ्यात गाडी बंद पडते. म्हणून तुला बोलावलंय." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मला माहितेय हे कसं वाटतं ते. पण ती जेवत नाही रे. निदान गाडी चालली तर जेवेल."

काकींनी तिकडून हाक मारली, "काय खुसूरपुसूर चाललीय? तो काय डाक्टर हाय?"

मी प्लग साफ करून बसवले. लॅपटॉप जोडला. गाडी दम घेत राहील पण मरणार नाही, असं बघायचं होतं. त्यासाठी, इंजिन खाली बसताना मरू नये म्हणून, मी खालच्या वेगाला पेट्रोल आणखी थोडं वाढवलं आणि काजळी बसली तरी पडेल अशी ठिणगी जोरात केली. मुलगी माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचत होती.

"डेड टाइम? हे काय असतं?"

कॉम्प्युटरने हुकूम दिल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंत थोडा वेळ जातो. हुकूम झालेला असतो, आत काहीच घडलेलं नसतं. त्या वेळेचं ते नाव. पण काकींनी मान वर केलेली होती.

"उशीर," मी घाईने म्हणालो. "उघडायला लागतो तो उशीर."

"लागतोच उशीर," काकी म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

गाडी चालू केली. मुलीने सवयीने शटर खाली ओढलं, हातभर फट ठेवून. आवाजाने आणि वासाने वरचे भाडेकरू कटकट करतात, म्हणाली, आणि चहा टाकायला वर गेली. पार्किंगमध्ये मी, काकी आणि ती गाडी. वर, खाली. वर, खाली. मी पायरीवर बसून स्क्रीनवरचे आकडे बघत होतो. पेट्रोल खूपच जास्त आहे, हे आकडा सांगत होता. तो आकडा मी गाळ्यात रोज बघायचो, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

गाडी बंद पडली नाही. मला बरं वाटलं. मग हळूहळू मला नुसतंच बरं वाटायला लागलं, कारण नसताना. आवाज लांब गेला आणि त्याच वेळी आत आल्यासारखा झाला. माझाच श्वास गाडीबरोबर चाललाय असं वाटलं. मी तो मोडायचा प्रयत्न केला, पण मोडला नाही. कपाळावर कुणी ओला फडका घट्ट बांधावा तसं झालं. काकींकडे पाहिलं. त्यांचे हात थांबलेले होते. अर्धे वाल सोललेले, अर्धे तसेच. गाल तांबूस झालेले आणि नजर शटरच्या फटीवर.

जिन्यावर चपला वाजल्या. मला वाटलं, चहा आला. चपला खाली आल्या, माझ्या मागून गेल्या. मी सरकून वाट दिली, हे मला स्पष्ट आठवतं, मी गुडघे जवळ घेतले. मग बॉनेटवर कुणीतरी बोटांनी टकटक केलं. दोनदा.

"आला बघ," काकी म्हणाल्या. इतक्या साध्या आवाजात, की मी त्या दिशेला पाहून हसलोसुद्धा.

तिथे कुणी नव्हतं. बॉनेट तर उघडंच होतं, वर टेकवलेलं. त्यावर कुणी टकटक केली असती तर माझ्या डोळ्यांसमोर केली असती. मला भीती वाटायला हवी होती, पण ती वाटत नव्हती, आणि त्याचीच कुठेतरी खोल भीती वाटली. मी उठलो. पाय माझे नव्हते. शटरपर्यंत भिंत धरून गेलो, दोन्ही हातांनी शटर वर ढकललं आणि बाहेर गटाराशी वाकून उलटी केली. परत आत जाऊन किल्ली फिरवली.

"का बंद केलीस?" काकी ओरडल्या. मघापासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला. "दारापरत आला व्हता तो! आज पैल्यांदा दारापरत आला व्हता!"

मुलगी चहा घेऊन जिन्यात उभी होती. चहाला इतका उशीर का झाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, आत्ता तर वर गेलेले.

गाळ्यावर पोचेपर्यंत माझं डोकं ठणकत होतं. दादांनी बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. "काय रे, झालं काम? बंद पडत नाही ना आता?"

"नाही."

"मग तोंड का पाडलंयस? पोरगी आवडली काय?"

"दादा," मी म्हणालो, "ती बंद पडत होती म्हणून काकी जिवंत आहेत."

ते वाक्य मी बोललो तेव्हाच मला पूर्ण कळलं. जास्तीचं पेट्रोल, जाळी काढलेला सायलेन्सर, खाली ओढलेलं शटर. अर्धवट जळलेल्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरतो आणि माणसाला शांत करत नेतो. आधी डोकं दुखतं, मग ऐकू येतं ते खरं वाटत नाही, आणि नसलेलं खरं वाटतं. रोज संध्याकाळी काकी त्या गॅसमध्ये बसत होत्या. मुलगा जिन्यापाशी येईपर्यंत प्लग काळे व्हायचे, गाडी मरायची आणि काकी वाचायच्या. आज मी गाडीचं मरणं बंद करून आलो होतो.

दादांनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांनी मागे वळून गाळ्याकडे पाहिलं. तिन्ही बाजूंनी उघडा. "आपल्याकडे वारा असतो," ते हळू म्हणाले. "कधी डोक्यात आलंच नाही."

मी मुलीला फोन केला. आईचं डोकं दुखतं का, असं विचारलं. "रोज. मळमळतं पण. डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेतलंय." मी गाडीच्या धुराचं नुसतं नाव काढलं. ती लॅबमध्ये दिवसभर गॅसमध्येच काम करते. पुढचं मी सांगायच्या आधी तिला समजलं होतं.

"माझ्या घरात," ती म्हणाली. "माझ्या नाकाखाली. शटर मी ओढत होते."

"किल्ली काढून घे," मी म्हणालो.

"किल्ली तिच्या कमरेला असते. झोपतानाही."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. कॉलेज सोडून मी दुपारीच गेलो. कुणा मोठ्या माणसाला 'तुमचं चुकतंय' असं मी आयुष्यात म्हटलेलं नाही. आमच्या घरी तशी पद्धत नाही. दवाखान्याचे कागद, लाइटचं बिल, सगळं मी वाचून दाखवतो, पण काय करायचं ते बाबाच सांगतात. रिक्षात मी वाक्य जुळवत होतो आणि एकही वाक्य चांगलं वाटत नव्हतं.

काकी आधीच पार्किंगमध्ये बसलेल्या होत्या. न्हालेल्या, केस नीट बांधलेले, अंगावर नवं लुगडं. बाजूला दुसरी खुर्ची आणून ठेवलेली. रिकामी.

"बरा झाला आलास," त्या म्हणाल्या. "आज मधी बंद नको करू हां. आज तो आत येनार."

मुलीने सकाळीच कंपनीत जाऊन गॅसचा अलार्म आणलेला. कामगार खिशाला अडकवतात तसला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तिने तो रिकाम्या खुर्चीवर ठेवला. काकींनी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "आई, तू गाडी चालू कर. शटर मी ओढते. फक्त हे वाजलं की बंद करायची. एवढं ऐक माझं."

मी शटरला हात लावून उभा राहिलो. काकींनी कमरेची किल्ली काढली, दार उघडून बसल्या, गाडी चालू केली आणि पुन्हा येऊन खुर्चीत बसल्या. वर, खाली. वर, खाली. मुलीने शटर ओढलं. काकी फटीकडे बघायला लागल्या, कुणाची वाट बघताना बघतात तशा, ओठ किंचित उघडे.

अलार्म वाजला. त्या बंद जागेत तो इतका तीव्र वाजला की काकींच्या मांडीवरचं भांडं कलंडलं आणि वाल सगळीकडे उडाले. मुलीने अलार्म उचलून एकेका जागी नेला, गाडीच्या मागे, जिन्यापाशी, दारापाशी. सगळीकडे वाजतच होता. मी शटर वर केलं. तिने किल्ली फिरवली. अलार्म बराच वेळ ओरडून मग एकदम थांबला.

"तो बसला असता तिथं ठेवलास," काकी रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. "कशाला ओरारतंय ते?"

मुलीने अलार्म खिशाला अडकवला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो, वाल गोळा करत. हाताला काम असलं की मला बोलता येतं.

मी सांगितलं. पेट्रोल, धूर, शटर, डोकेदुखी. काल मलाही चपला ऐकू आल्या, तेही सांगितलं. बॉनेटवरच्या टकटकीचं मात्र सांगितलं नाही. का, ते माहीत नाही.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तो येत नव्हता?"

याच प्रश्नाची मला भीती होती. 'हो' म्हणावं तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा मेल्यासारखा होणार होता, आणि या खेपेला माझ्या हातून. 'नाही' म्हणावं तर त्या उद्या पुन्हा शटर ओढून बसणार होत्या.

"तो येत होता की नाही, ते मला माहीत नाही, काकी," मी म्हणालो. "पण तुम्ही जात होतात."

त्यांनी माझ्या ओंजळीतल्या वालांकडे पाहिलं. मग त्यांनी भांडं पुढे केलं. मी वाल त्यात टाकले. नंतर त्यांनी मुलीकडे हात लांब केला. मला वाटलं, किल्ली परत मागतायत. पण त्यांनी मुलीचा हात धरला आणि किल्लीवर तिची बोटं मिटवली.

"बदल काय ते," त्या मला म्हणाल्या. "पन आवाज तोच ठेव. माझं कान तरी राऊ दे."

मग मी इंजेक्टर निवडायला बसलो. याआधी इतका विचार करून मी काहीच निवडलं नव्हतं. इंजिन जास्तीत जास्त किती पेट्रोल मागेल ते काढलं, त्यावर थोडीच शिल्लक ठेवली. दादा म्हणाले, "अजून एक साइज वर घे, पुढे कामाला येईल." मी म्हणालो, "दादा, या गाडीला पुढे काही नाही." चौघांची मापं जुळलेली आहेत आणि डेड टाइमचे आकडे सोबत मिळतात असेच मी घेतले. गाळ्यातल्या टेस्टिंग मशीनवर लावले. चार काचेच्या नळ्यांत चार फवारे पडत गेले, आणि पातळी चौघांत एकसारखी चढली. जुने चार गाडीतून काढून आणलेले, तेही लावून पाहिले तेव्हा एकात भसकन जास्त, दुसऱ्यात थेंब थेंब, आणि मशीन बंद केल्यावरही एकाच्या टोकाला थेंब जमत राहिला, जमत राहिला आणि पडला.

पार्किंगचं शटर मुलीने काढूनच टाकलं. तिथे जाळीचा दरवाजा बसवला. आम्ही नवे इंजेक्टर घातले, सायलेन्सरमध्ये नवी जाळी टाकली. जुने इंजेक्टर मी काकींना दाखवले. "मना काय करायचंत ते," त्या म्हणाल्या. दादांनी ते परत गाळ्यात नेले आणि पुढे कुणातरी पोराला विकले.

आता गाडी गुळगुळीत चालत होती. उभी असताना चालू आहे की बंद, कळू नये इतकी. पण आवाज तोच हवा होता. ट्यूनिंगमध्ये यालाही एक युक्ती आहे. पेट्रोल बरोबर ठेवायचं आणि फक्त ठिणगीची वेळ मागेपुढे करायची, की इंजिन उगाचच वर-खाली होतं. दम घेतल्याचं सोंग करतं. या सोंगाला सगळीकडे एकच नाव आहे, 'घोस्ट'. दादा सहज म्हणाले, "घोस्ट टाकून दे ना," आणि मग माझा चेहरा बघून त्यांनी जीभ चावली.

मुलीच्या फोनमध्ये भावाने काढलेला एक व्हिडिओ होता. फक्त उभी गाडी आणि तिचा आवाज, शेवटी त्याचं हसणं. मी तो कानाला लावून कितीतरी वेळा ऐकला. किती वर जाते, किती खाली बसते, मध्ये किती थांबते. तक्त्यात आकडे भरत गेलो. एक वेळ अशी आली की फोन आणि गाडी एकत्र दम घ्यायला लागले आणि कुठला आवाज कुठून येतोय ते कळेना. मी फोन बंद केला. गाडी तसाच दम घेत राहिली. मोकळ्या हवेत, दुपारच्या उजेडात माझ्या अंगावर काटा आला. या खेपेला मला भीती नीट वाटली.

मुलीने बॉनेट खाली दाबलं आणि त्यावर बोटांनी दोनदा टकटक केलं.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही रे. तो करायचा. गाडीत बसायच्या आधी, नेहमी." ती कसनुसं हसली. "सवय लागली मलाही."

त्याआधी मला हे कुणी सांगितलं होतं का? कदाचित त्या संध्याकाळी, डोकं जड झालेलं असताना, काकी बोलल्या असतील आणि मला आठवत नसेल. गॅसमध्ये माणसाला ऐकलेलं आणि घडलेलं वेगळं काढता येत नाही, असं मी वाचलंय. तसंच असेल. मी तसंच धरून चालतो.

काकी खाली आल्या. खुर्ची जाळीच्या दरवाजाजवळ, वाऱ्यात ठेवली होती. अलार्म मुलीच्या खिशाला, गप्प. काकी डोळे मिटून ऐकत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, परीक्षेचा निकाल लागताना बघावं तसा.

"असाच व्हता," त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं. पण त्या पुढेही ऐकत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही अरखलत नाय."

"काय, काकी?"

"त्याची गारी मधीच अरखलायची. वाटायचं, गेली आता. मग पुन्ना उठायची. माझा जीव खाली-वर व्हायचा." त्यांनी डोळे उघडले. "हिला काय होत नाय. ही अशीच चालंल. मी गेली तरी चालंल."

त्यांनी सांगितलं ते खरं होतं. मी भरलेले आकडे ठरलेले होते. प्रत्येक श्वास मागच्यासारखाच. इतके दिवस त्या पार्किंगमध्ये काय येत होतं ते मला माहीत नाही, पण आत्ता तिथे जे होतं ते मी आणलं होतं, आणि ते कधी थकणार नव्हतं.

काकी उठल्या. मुलीकडून किल्ली न मागता त्यांनी आत वाकून स्वतःच ती फिरवली. गाडी बंद झाली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आजवर आईने गाडी कधी स्वतः बंद केली नव्हती.

"हा सोंग काढून टाक, बाला," काकी म्हणाल्या. "सरल चालू दे. पोरीला चालवू दे. रोज रिक्षानं मरत जाते डोंबिवलीला."

मी तिथेच बसून घोस्ट पुसला. गाडी पुन्हा चालू केली तेव्हा ती कुणाचीच नसलेल्या गाडीसारखी चालली. काकींनी वाल मागवले आणि उजेड असेपर्यंत भांडंभर सोलले. मला डब्यात भरून दिले.

नंतर काही महिने गेले. मुलगी त्याच गाडीने कामाला जाते. काकींची डोकेदुखी थांबली. त्या मला मधूनमधून फोन करतात, परीक्षा कधी, जेवलास का, आई बरी हाय का, असं. परवा असाच फोन आला. बोलून झालं तरी त्यांनी ठेवला नाही.

"काल ती गेली रस्त्यानी," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"गारी. तोच आवाज. अरखलत अरखलत. पार वलनापरत ऐकला."

दादांनी विकलेले इंजेक्टर मला आठवले. ते कुणाच्या तरी गाडीत असणार. चूक कुणाच्याही गाडीत तीच असते, आवाजही तोच येणार. हे मी सांगणार होतो. मग विचारलं, "ताईची गाडी असेल ना?"

"ती घरात व्हती. माज्या बाजूला. तिला नाय ऐकू आला."

"मग? तुम्ही गेलात बघायला?"

"नाय गेली. वाल सोलत व्हती. सोलत रायली." मग, माझ्या मनात काय चाललंय ते ओळखल्यासारखं, म्हणाल्या,

"खिरकी उघरीच व्हती, बाला."